टाळूपासून काठापर्यंत

चाकणच्या तळेगाव चौकात गाडी अडकली आहे. पुढे सिमेंटचा मिक्सर, मागे कंटेनर, डाव्या अंगाला एक लांबलचक ट्रक आणि त्यावर दोन मजल्यांत जखडून ठेवलेल्या नव्याकोऱ्या मोटारी. १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्याने इथल्याच भुईकोटात शाहिस्तेखानाला जवळजवळ दोन महिने थोपवून धरलं, आणि गावाने ती परंपरा अजून मोडलेली नाही, असं आमचे हे दर वेळी म्हणतात. आत्ताही म्हणतात. आमचा मुलगा सलील हसत नाही. स्टिअरिंगवर बोटं वाजवत तो सिग्नलकडे बघतो आहे. मला मात्र काही घाई नाही. माझ्या मांडीवर पिवळ्या लोकरीची चकती आहे आणि तिला अजून दोन फेऱ्या हव्या आहेत.

दिवाळी होऊन गेली आहे. आम्ही वणीच्या देवीला निघालो आहोत, वाटेत नाशिकला मुक्काम. मागच्या सीटवर एका खिडकीशी मी, दुसऱ्या खिडकीशी वन्सं, मध्ये जुई. जुई माझी नात, दुसरीत आहे. पायाशी कापडी पिशवी, तिच्यात विणून झालेल्या टोप्या. वन्संची मुलगी माधवी नाशिकच्या एका सरकारी रुग्णालयात नर्स आहे, कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांच्या कक्षात. टोप्या तिथे द्यायच्या आहेत.

क्रोशाची टोपी टाळूपासून सुरू होते. दोऱ्याचं एक कडं करायचं, त्यात आठ अर्धे खांब घालायचे आणि कडं ओढून घट्ट करायचं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे सोळा. तिसरीत एकाआड एक वाढवायचा, चोवीस. असं वाढवत वाढवत चकती हवी तेवढी झाली की वाढ थांबवायची. मग वीण आपली आपणच खाली वळते आणि चकतीची टोपी व्हायला लागते. कुठे थांबायचं ते बाळावर. दीड किलोच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण २८ सेंटिमीटर असतो. त्याला तीन आणि वर थोड्याने भागलं की नऊच्या आसपास येतं, आणि लोकर ताणली जाते म्हणून मी आठावरच थांबते. पूर्ण दिवसांच्या बाळाचा घेर ३४-३५ भरतो. बाजारातल्या टोप्या त्या मापाच्या, खरं तर त्याहून मोठ्याच, कारण घेणाऱ्या आजीचा हिशेब असतो की दोन महिन्यांनीही घालता आली पाहिजे. ती टोपी दीड किलोच्या बाळाला घातली तर नाकावर येते. माधवीने मागितल्या त्या यासाठी. नाहीतर दुकानात चार पैशांत मिळणारी वस्तू हाताने करत बसायची म्हणजे आपल्या हौसेला सेवा म्हणायचं, असं माझं मत. वन्संना ते साफ अमान्य आहे. त्यांच्या पिशवीतल्या टोप्यांवर फुलं आहेत.

वन्सं दोन सुयांवर विणतात. गाडीत दोन सुयांवर विणू नये हे मी त्यांना सांगून थकले. क्रोशात सुईवर एकच टाका जिवंत असतो. गाडी आदळली, सुई सुटली, तर फार तर तो एक टाका उसवतो. सुयांवर सगळी ओळच्या ओळ उभी असते. सिग्नल सुटतो, सलील इतक्या वेळचा राग काढत गाडी दामटतो, आणि पहिल्याच गतिरोधकावर वन्सं ओरडतात, "अरे हळू! माझे टाके निसटले." सलील म्हणतो, "आत्या, तुझे टाके बघू की रस्ता?" जुई खाली वाकून सीटखाली गेलेली सुई शोधून देते. वन्सं चष्मा नाकावर ओढून टाके उचलू लागतात, आणि त्यांचा रस्ता बघणं संपतं ते राजगुरुनगरपर्यंत.

माझं उलट होतं. क्रोशाला डोळे लागत नाहीत, टाका बोटाला लागतो. हात गुंतलेले म्हणून मोबाइल धरता येत नाही आणि झोपही लागत नाही. मग बाहेर बघायचं. या गाडीत रस्ता बघणारी दोनच माणसं, सलील आणि मी, आणि सलीलला फक्त खड्डे दिसतात.

जुना पन्नास नंबरचा रस्ता हा, आता साठ नंबरचा. नंबर बदलला, मग रुंदी बदलली, आणि मग एकेक गाव बाजूला पडत गेलं. राजगुरुनगर आता वळणरस्त्याने बाहेरूनच जातं. फलकावर हुतात्म्याचं नाव आहे आणि एसटीचा कंडक्टर अजून खेडच म्हणतो. मंचरचंही तसंच. पूर्वी मंचरची बाजारपेठ गाडीच्या दोन्ही बाजूंनी अंगावर यायची. कापडदुकानं, खतं-बियाणांची दुकानं, भीमाशंकरच्या फाट्यावरची केळीवाली. आता भरावावरून जाताना गावाची मागची बाजू दिसते, आणि मला ती समोरच्या बाजूपेक्षा जास्त आवडायला लागली आहे. गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या, कठड्यावर उन्हात टाकलेल्या गोधड्या, परसातला म्हशीचा गोठा, एका भिंतीला टेकवून ठेवलेलं तुटकं पाळण्याचं चक्र. दर्शनी भागाला रंग दिलेला असतो. मागे नुसत्या विटा, आणि त्या विटांच्या फटीत लोकांनी कंगवे, दाढीची पाती, औषधाच्या पुड्या खोचलेल्या. वेगात हे सगळं दिसतं का? भरावावर ट्रॅक्टरमागे अडकलं की दिसतं. आत्ता पुढे उसाचा ट्रॅक्टर आहे, दोन ट्रॉल्या जोडलेला, आणि हे गुणगुणायला लागले आहेत, म्हणजे त्यांनाही घाई नाही.

डावीकडे बैलगाडा शर्यतीचा घाट दिसतो. घाट म्हणजे मातीचा सरळ चढ, दोन्ही बाजूंना कठडे, वर टोकाशी मंडप. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये शर्यतींना कायमचा हिरवा कंदील दिला तेव्हापासून या पट्ट्यातल्या घाटांना रंग चढला आहे. रस्त्याकडेच्या फ्लेक्सवर बैलाचा फोटो आहे, गळ्यात हार, कपाळावर गुलाल, खाली वाढदिवसाच्या शुभेच्छा. शुभेच्छुकांचे फोटो मात्र टिकलीएवढे. जुई विचारते, "बैलाचा वाढदिवस कसा कळतो?" तिचे आजोबा म्हणतात, "मालकाला विचारायचं." मला तेवढ्यात दोन टाके मोजायचे असतात.

टाळू पुरी झाली. इथून पुढे नुसतं गोल गोल, वाढ नाही, काही नाही. हा भाग नारायणगावापर्यंत चालतो.

वन्सं एकाएकी म्हणतात, "चेन्नईच्या बायकांनी केवढं मोठं विणलं होतं, आठवतंय?" आठवतंय. २०१६ च्या जानेवारीत तिथल्या बायकांनी क्रोशाचं जगातलं सर्वांत मोठं पांघरूण म्हणून ११,१४८.५ चौरस मीटरचा विक्रम नोंदवला. मला विक्रमाचं फारसं कौतुक नाही. एवढं पांघरूण कुणी पांघरणार नसतं. पण ते छोट्या छोट्या पांघरुणांचं जोडून केलेलं होतं आणि नंतर सुटं करून गरजूंना वाटलं, ते मला पटलं. आणि आणखी एक. सुयांचं विणकाम यंत्र केव्हाच करायला लागलं, क्रोशा अजून कारखान्याच्या यंत्राला जमलेला नाही. बाजारात क्रोशाचा जो तुकडा दिसेल तो कुणाच्या तरी बोटांतून आलेला. हे वाक्य मी वन्संना ऐकू जाईल असं म्हणते. वन्सं टाके मोजत असल्याचं दाखवतात.

नारायणगाव. टोमॅटोच्या क्रेटनी भरलेले टेम्पो एकामागोमाग वळणरस्त्यावर चढत आहेत. तमाशाच्या राहुट्या आत्ता नसतात, त्या चैत्राच्या सुमाराला लागतात, जत्रांच्या सुपाऱ्या ठरायला लागल्या की. पण या गावाचं नाव आलं की वन्संना विठाबाई आठवतात, आणि त्या ती गोष्ट सांगतातच. दिवस भरलेले असताना विठाबाई फडावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा येऊन उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात ही गोष्ट ऐकली नाही असं माणूस सापडणं कठीण. लोक ती कलेची निष्ठा म्हणून सांगतात. मला ती ऐकताना दर वेळी पुढे बसलेल्या प्रेक्षकांचा विचार येतो. जुईला वेगळंच पडलेलं. ती पिशवीत हात घालून एक टोपी बाहेर काढते. "त्या बाळाला टोपी होती?"

वन्सं क्षणभर थांबतात. "पदरात गुंडाळलं असेल गं."

आळेफाट्याच्या जरा पुढे सलील गाडी रस्त्याकडेला घेतो. रसवंती. पाटीवर कानिफनाथ. ताडपत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, चरकाच्या चाकाला बांधलेले घुंगरू, बर्फाच्या लादीवर गोणपाट. राज्यात कुठेही जा, रसवंती म्हटली की कानिफनाथ नाहीतर नवनाथ, आणि मालकाला गाव विचारलं की बहुतेक वेळा पुरंदर तालुका निघतो. बोपगावला गडावर कानिफनाथांचं देऊळ आहे आणि त्या परिसरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या या धंद्यात आहेत. घुंगरू बैलाच्या काळापासूनचे. बैल चरक ओढायचा तेव्हा त्याच्या चालीवर वाजायचे. आता मोटर आहे, तरी घुंगरू आहेतच, कारण रस्त्यावरचं गिऱ्हाईक त्या आवाजावर वळतं. आम्हीही त्यावरच वळलो. मालक आलं-लिंबू घालून उसाची चौथी घडी चरकात सरकवतो.

आणि मेंढरं येतात.

आधी कुत्री, मग धूळ, मग एकदम सगळं मैदान हलायला लागल्यासारखं. काळी, पांढरी, काळ्या तोंडाची पांढरी. पुढे डोक्याला तांबडा फेटा बांधलेला म्हातारा. मागे तीन घोडी, पाठीवर बिऱ्हाड. पातेली, पाण्याचे कॅन, गुंडाळलेली जाळी, सगळ्यात वर टोपलीत कोंबड्या. एका घोडीच्या दोन्ही बाजूंच्या पोत्यांतून कोकरांची तोंडं बाहेर आली आहेत. मधल्या घोडीवर वर्षभराचं पोरगं, कापडाने बांधून बसवलेलं, घामेजलेलं, निवांत. दिवाळीनंतर हे वाडे पारनेर-संगमनेरच्या माळांवरून निघतात आणि कोकणाची वाट धरतात. ओतूर, मढ, माळशेजचा घाट उतरून मुरबाड, कल्याण. पावसाळा तोंडावर आला की परत. लहानपणापासून या रस्त्यावर बघत आले आहे. पुलाखाली, पंपाजवळ, कधी टोलनाक्याच्या रांगेतसुद्धा.

घोडीबरोबरची बाई रसवंतीच्या नळावर कॅन भरायला येते. हिरवं लुगडं, हातात मनगटापासून वर चांदीचं कडं. कॅन भरेपर्यंत तिची नजर माझ्या हातांवर.

"काय करता बाई?"

"बाळाची टोपी. दवाखान्यातल्या बाळांना."

"तुमच्या घरचं हाय का बाळ?"

"नाही. तिथं जी असतील त्यांना."

ती हात पुसते आणि टोपी मागते. मुठीवर चढवते, अंगठ्याने चोळते, उलटी करून आतून बघते. मग म्हणते, "मऊ हाय. पर ही मेंढराची न्हाय."

मेंढराची नाहीच. आपण लोकर म्हणतो, गुंडीवरच्या कागदावर ॲक्रिलिक लिहिलेलं असतं. तेल शुद्ध करताना निघणाऱ्या वायूपासून ते बनतं. १९५० च्या सुमाराला अमेरिकेत ते बाजारात आलं आणि पुढे जगभरच्या आज्यांच्या हातांत पोचलं. आपल्याकडे ते बहुतेक लुधियानाहून येतं. टोचत नाही, कसर लागत नाही, रंग हवा तो मिळतो, किंमत परवडते. माझ्या समोरून शेकडो मेंढ्या चालल्या आहेत आणि माझ्या मांडीवर पेट्रोलचं चुलत भावंड आहे.

"तुमची चालेल का हो बाळाला?" मी विचारते.

"टोचंल की!" ती हसते. "आन् आता कोन घेतंय? वरसातनं दोनदा कातरायची. कातरनाऱ्याला पैसं आपुन द्यायचं. पैली यापारी दारात यायचा. आता टाकून देतो."

दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ, एका मेंढीची वर्षाची धरून किलोभरसुद्धा नाही. तिचा स्वेटर होत नाही. तिचं होतं घोंगडं. पलीकडे म्हाताऱ्याच्या खांद्यावर आहे ते. मी उठून जवळ जाते. पट्ट्या जोडून केलेलं, जोडावर काळ्या सुताची टाचणी, काठाला पांढरी रेघ. हात लावला तर खरोखर टोचतं, आणि उन्हातसुद्धा आतून थंड. सणगर लोक हातमागावर हे विणतात आणि सूत ताठ राहावं म्हणून त्याला चिंचोक्याची खळ देतात. पावसात पाणी वरच्या वर निथळतं, थंडीत अंथरता येतं, पांघरता येतं, डोक्यावरून खोळ करून घेता येते.

"नवीन घेतलंत?"

"न्हाय. माझ्या बापाचं," म्हातारा म्हणतो. "नवं परवडत न्हाय."

ज्याच्या मेंढ्या त्यालाच घोंगडं परवडत नाही, आणि त्याची लोकर ओढ्याकाठी पडते. मग माझ्यासारख्या बायका लुधियानाच्या गुंड्या विकत घेऊन परोपकार करतात. यावर माझ्याकडे उत्तर नाही. सणगराकडून घोंगडी विकत घ्यावी एवढं एक करता येतं, आणि ती घेणारे काही लोक आता शहरांतही आहेत. पण दीड किलोच्या बाळाच्या टाळूवर ती लोकर चालणार नाही, हे मेंढपाळणीनेच सांगितलं आहे.

जुई घोडीवरच्या जाळीला हात लावून बघते आहे. "आजी, हे पण क्रोशाचं?"

म्हाताऱ्याला प्रश्न कळतो. तो जाळीचं एक टोक सोडून तिच्यापुढे धरतो. वाघर. रात्री मेंढरं रानात बसवली की भोवताली खुंट्या ठोकून ही जाळी लावायची. पूर्वी सुताची असायची, ही नायलॉनची आहे. एका ठिकाणी तुटली आहे. तो लाकडी पट्टीवर गुंडाळलेली दोरी काढतो आणि उभ्या उभ्या गाठ मारून दाखवतो. दोरी वरून, पट्टी मागून, अंगठ्याने दाबून ओढ. दुसरी गाठ घालताना दोन घरांमध्ये बोटं घालून अंतर मोजतो. जुई विचारते, बोटं कशाला? "कोकराचं डोस्कं आत शिरलं न्हाय पायजे. शिरलं की फास बसतो. आन् कोकरू आरडलं की बिबट्या येतो." जुन्नरच्या उसातले बिबटे आता सगळ्यांना माहीत आहेत. मगाशी वळणरस्त्यावर वनखात्याचा फलक होताच. म्हाताऱ्याच्या पायाशी दोन कुत्री अंग टाकून पडली आहेत.

मी बारीक विणते त्याचंही कारण हेच आहे. उंच खांब घातले तर टोपी लवकर होते पण भोकं मोठी राहतात, आणि त्यात बाळाचं बोट अडकतं. माधवीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून अर्धे खांब. म्हाताऱ्याला मी हे सांगते. तो मान हलवतो, माझी टोपी उन्हापुढे धरून आरपार बघतो आणि परत देतो. पास झाले असावे.

"आज मुक्काम कुठं?"

"ओतूरच्या अलीकडं. एका बागाइतदाराच्या रानात बसवायची हायेत." मेंढ्या रात्रभर रानात बसल्या की लेंडीखत आयतं पडतं. त्याचे शेतकरी पैसे देतो नाहीतर धान्य.

कॅन भरला आहे. बाई तो कमरेवर घेते आणि जाता जाता, सहज, पिशवीकडे बघून म्हणते, "येक द्या की आमच्या नातवाला."

मी पिशवीत हात घालते आणि कळतं की माझी एकही टोपी त्याला होणार नाही. सगळ्या आठ सेंटिमीटरच्या टाळूच्या. तोवर वन्संनी आपली पिशवी उघडलेली असते. त्यांच्या टोप्या मोठ्याच होतात, त्यावरून मी त्यांना सकाळपासून दोनदा बोलले आहे. त्या एक लाल टोपी काढतात, कानाशी पांढरं फूल. बाई ती पोराच्या डोक्यावर चढवते. बरोब्बर. पोरगं हाताने ती ओढून काढतं. बाई पुन्हा चढवते.

"किती द्यायचं?"

"काही नाही हो."

"फुकाट कशापायी?" तिला ते रुचलेलं नाही. पदराच्या गाठीकडे हात जातो. वन्सं म्हणतात, "आमच्या पोरीला एक कोकरू धरू द्या थोडा वेळ." हा सौदा तिला चालतो. पोत्यातून एक कोकरू निघतं आणि जुईच्या कुशीत येतं. रसवंतीवाला ग्लास घेऊन उभा राहतो आणि बराच वेळ तो ग्लास कुणी घेत नाही.

गाडीत बसल्यावर वन्सं माझ्याकडे बघतही नाहीत. बघायची गरजच नसते.

बोटा जातं, घारगाव जातं, मुळेच्या पुलावर जुई खाली पाणी बघायला काच उतरवते. तिच्या फ्रॉकला कोकराचा वास येतो आहे आणि तिला तो धुवायचा नाही. चंदनापुरीच्या घाटाआधी शेतांच्या कडेने जुन्या साड्या ताणून बांधलेल्या दिसतात, रानडुकरं आत येऊ नयेत म्हणून. निळी, आंबा रंगाची, मोठ्या बुट्ट्यांची एक जांभळी. वन्सं प्रत्येक साडीचा प्रकार ओळखतात. ही गार्डन, ही नायलॉनची, अगं ही तर इरकल, कुणी बांधली असेल! घाट उतरून संगमनेर बाहेरून जातं. हे जागे होऊन प्रवरेला हात जोडतात आणि पुन्हा झोपतात. माझी टोपी काठावर आली आहे. काठाला दोन फेऱ्या मुक्या खांबांच्या घालायच्या, म्हणजे कड वळत नाही. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीचं वळण येता येता दोरा तोडून टोक आत ओवून टाकते. काच अजून उघडीच आहे आणि वारा आता चांगलाच गार लागतो. इथून निफाड फार दूर नाही. थंडी पडली की राज्यातला सर्वांत खाली गेलेला पारा बऱ्याचदा तिथलाच असतो, आणि द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात.

रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आम्हाला काचेच्या दाराबाहेरच थांबायचं आहे. बाहेर चपलांचा ढीग, हात धुवायचं बेसिन, भिंतीवर हात कसे धुवायचे त्याची चित्रं. आतल्या खोलीत खुर्च्यांवर चार-पाच आया रेलून बसल्या आहेत. अंगावर गाऊन, छातीशी बाळ उभं बांधलेलं, कापडाच्या वरून फक्त टोपीचा गोल दिसतो. बाळाच्या अंगावर लंगोट, टोपी, मोजे, बाकी काही नाही. आईची ऊबच पेटीचं काम करते. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरेनात म्हणून एका डॉक्टरने हे सुरू केलं आणि आता ते जगभर चालतं. डोकं तेवढं उघडं राहतं, आणि या बाळांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, अंगात चरबी नाही, ऊब डोक्यातून निघून जाते. त्यासाठी टोपी. एक आई आमच्याकडे बघून हसते आणि पुन्हा बाळाच्या पाठीवर हात ठेवून डोळे मिटते. तिच्या बाळाची टोपी हिरवी आहे. आमची नाही. आणखी कुणीतरी विणतं आहे.

माधवी दार ढकलून बाहेर येते. "मामी, आई, आत नका येऊ हं." पिशवी टेबलावर उपडी करते आणि आईला बोलायला वेळ न देता निवडायला लागते. प्रत्येक टोपी उलटी करून लोंबणारी टोकं बघते, दोन्ही हातांनी ताणते, तीन बोटं आत घालून फिरवते. ही चालेल. ही चालेल. ही सुती दोऱ्याची का? मग ही वेगळी, ही गरम पाण्यात टाकता येईल. ही नाही.

"का नाही?" वन्सं विचारतात.

"आई, फूल. सुटलं तर बाळाच्या तोंडात जाईल. आणि फुलावर डोकं ठेवून झोपलं तर टाळूला रुतेल."

"काढून देते." वन्सं तिथेच बाकावर बसतात, पर्समधून कात्री काढतात आणि फुलं कापायला लागतात. शेजारी ताटकळलेला एक बाप ती उचलून एका कागदावर गोळा करतो, कशासाठी ते त्यालाही माहीत नसावं.

माधवी वहीत आकडा लिहिते. "टोप्या आता पुष्कळ झाल्या गं मामी. सगळेच टोप्या देतात. मला मोजे हवेत. या मापाचे." ती हाताचा अंगठा आणि तर्जनी थोडी फाकवून दाखवते. "घोट्याला नाडी नको, रक्त अडतं. ताणले जायला हवेत आणि पायावरून निघता कामा नयेत."

मी मनातल्या मनात क्रोशाचा मोजा विणून बघते. ताणला जाणारा, न निघणारा, नाडी नसलेला. क्रोशाची वीण तेवढी ताणत नाही. वन्संना हे माझ्याआधी कळलेलं असतं. त्या कात्री बंद करतात, चष्मा काढतात.

"उलट-सुलट विणीचा काठ लागेल त्याला," त्या म्हणतात. "दोन सुयांवरच होणार ते. शिकवते मी तुला. चार दिवसांत येईल."

"मेन रोडला लोकरीचं दुकान आहे ना गं अजून?" त्या माधवीला विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरायला लागतात. "सुया घ्यायला हव्यात हिच्यासाठी. बारीक."

खाली सलील गाडीजवळ उभा आहे. "आत्या, मेन रोडला गाडी लावायला जागा मिळणार नाही."

"तू चकरा मारत राहा," वन्सं दार उघडत म्हणतात. "आम्ही येतो घेऊन."